आंब्यातला भिरूड: लांब मिशांच्या भुंगेऱ्याचं वर्ष आणि आपल्या सोसायटीतली झाडं

पानझड (मुलुंड)

पहिले मोठे पाऊस पडून गेले की रात्री दिव्याच्या ओढीने एक भलामोठा राखाडी भुंगेरा येतो. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, गच्चीच्या दारावर, खिडकीच्या ग्रिलला चिकटून. दीड-दोन इंच लांब अंग आणि त्याहून लांब मिशा. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, खाली "विषारी आहे का?", "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा" सुरू होतं आणि कुणीतरी सांगतं की हा आंब्यात होतो. तिथून आंबा तोडायच्या ठरावापर्यंत फार वेळ लागत नाही. आमच्या भागात चांगली फळती झाडं अशी गेलेली बघितली आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं असं की जुलैत दिसलेला भुंगेरा बघून झाडाबद्दल काही ठरवू नये. याचं बहुतेक आयुष्य खोडाच्या आत, आपल्या नजरेआड जातं. ते वर्ष कसं जातं हे कळलं की झाड कधी तपासायचं, कधी हात घालायचा आणि कधी स्वस्थ बसायचं हे ठरवता येतं.

आधी ओळख. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. कार्ल दे गेअर या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली याचं पहिलं वर्णन केलं. कुळ सिरँबिसिडी, म्हणजे लांब मिशांचे भुंगेरे. जगात या कुळाच्या तीस हजारांहून जास्त जाती आहेत. कोकणात याच्या अळीला भिरूड म्हणतात, शेतीच्या पुस्तिकांत खोडकिडा लिहिलेलं असतं.

हातात घेऊन बघितलात तर चूक होणार नाही. राखाडी-तपकिरी अंगावर मखमली लव असते. डोक्यामागे, मानेच्या जागी दोन नारिंगी-लाल डाग, आणि त्याच भागाच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. पाठीवरची कडक पंखझाकणं जिथे सुरू होतात तिथे काळ्या, चकचकीत, बारीक पुळ्या दाटीने असतात. झाकणांवर पिवळट-नारिंगी ठिपके. बाजूने बघितलं तर डोळ्यापासून पोटाच्या टोकापर्यंत गेलेला पांढरा पट्टा दिसतो. पाठीमागून दोन बोटांत धरला की डोकं वरखाली हलवत चिरचिर आवाज करतो. छातीचे दोन भाग एकमेकांवर घासून तो आवाज निघतो. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात.

अनघा_दादर

पानझडताई, आमच्या तिसऱ्या मजल्यावर परवाच आला होता, डाग अगदी असेच. चावतो का? घरात लहान मूल आहे म्हणून विचारते.

पानझड (मुलुंड)

विषारी अजिबात नाही, अनघा. डंखही नाही. पण जबडे झाडाची साल कुरतडायला बनलेले आहेत, तेव्हा तोंडापाशी बोट नेलं तर जोरदार चिमटा बसेल. मुलाला लांबूनच दाखव. वर्तमानपत्राची घडी पुढे केलीस की तो स्वतःच तिच्यावर चढतो, मग खिडकीबाहेर सोडता येतो.

क्लोरोफिल (बोरिवली)

ताई, अंडी नक्की कुठे घालतो? मी प्राणिशास्त्राला आहे, पण आमच्या पुस्तकात खोडकिड्यावर चार ओळी सोडून काही नाही.

पानझड (मुलुंड)

छान विचारलंस. खरी गंमत इथूनच सुरू होते, जरा सविस्तर लिहिते.

भुंगेरा खोडातून बाहेर पडतो तो साधारण पावसाच्या तोंडाशी आणि पावसात. बाहेर आल्या आल्या अंडी घालत नाही. आधी कोवळ्या फांद्यांची हिरवी साल खातो आणि ते खाणं झाल्यावरच मादीच्या पोटात अंडी पक्व होतात. डहाळीची साल पट्ट्यापट्ट्याने सोललेली दिसली तर ती याच काळातली खूण.

मग मादी खोडावर जागा शोधते. सालीला भेग पडलेली, जखम झालेली, झाड जरा अशक्त असलेलं तिला बरं पडतं. जबड्याने सालीत छोटी चीर पाडते, मागे वळते आणि त्या चिरेत एकच अंडं ठेवते. मग पुढची चीर. जमिनीवर उघड्या पडलेल्या मुळांवरही घालते. एक मादी सगळी मिळून दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. अंडं तांदळाच्या दाण्याएवढं, आठवडा ते दोन आठवड्यांत फुटतं.

अळी आधी सालीखालीच खात फिरते. झाडाने पानांत तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जातं ते सालीच्या आतल्या थरातून, आणि ही अळी नेमका तोच थर खाते. एका खोडात दोन-चार अळ्या वेगवेगळ्या बाजूंनी फिरल्या आणि त्यांचे मार्ग मिळून खोडाभोवती कडं पूर्ण झालं, की वरची पानं काही काळ हिरवी असली तरी मुळांची उपासमार सुरू झालेली असते. मोठी झाली की अळी आत लाकडात शिरते. आंब्यावर हे अळीपण साधारण १४० ते १६० दिवसांचं असतं. पूर्ण वाढलेली अळी तळहाताएवढी लांब होते, तीनेक इंचांच्या वर. मग खोडातच एक पोकळी कोरून ती कोष करते. कोष वीस-पंचवीस दिवसांचा. त्यातून निघालेला भुंगेरा लगेच बाहेर येईलच असं नाही, पाऊस सुरू होईपर्यंत आतच थांबू शकतो. शेवटी साल फोडून गोल भोक पाडून बाहेर. आपल्याकडे वर्षाला एक पिढी.

आता हिशेब बघ. जुलैत तू खोडावर मोठं गोल भोक बघितलंस, तर त्यातला राहणारा निघून गेलेला आहे. त्या भोकात औषध ओतून कुणाला मारणार? आणि दिव्यावर आलेला भुंगेरा तुमच्याच झाडातून निघाला असंही नाही. हे चांगले उडतात. जिवंत अळी कुठे आहे ते सांगतो तो खोडातून बाहेर पडणारा भुसा, आणि तो दिसायला लागतो गणपतीनंतर. तिथून उन्हाळ्यापर्यंत खोड बघायचं.

कुणकेश्वर (भांडुप)

धागा वाचून राहवलं नाही. देवगडला आमची कलमं आहेत, मी इथे नोकरीला, पण सुट्टीत बागेतच असतो. पानझड म्हणतात ते बरोबर आहे, भुसा हीच खरी खूण. आमचे आजोबा म्हणायचे, "भुसो ताजो आसा, म्हणजे किडो जितो आसा."

बघायचं कसं ते सांगतो. बुंध्याशी उकिडवं बसायचं. खोडाच्या फटीतून बाहेर आलेला भुसा आणि विष्ठेच्या गोळ्या बुंध्याशी साठलेल्या असतात. ओला, फिकट, तंतूतंतूंचा असेल तर आत काम चालू आहे. काळा पडून कडक झालेला असेल तर जुना. कधी भुसा दिसत नाही, पण सालीतून काळपट चीक ओघळलेला असतो. तिथे सुऱ्याच्या मुठीने ठोकून बघायचं, पोकळ आवाज आला की सालीखाली बोगदा. आमच्याकडे जुने गडी नुसत्या ठोक्यावरून जागा सांगतात.

मग तारेचा आकडा. सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून केलेला उत्तम चालतो. भोक सुऱ्याने साफ करायचं, आकडा हळूहळू आत सारायचा, बोगदा वळेल तसा वळवायचा. मऊ लागलं की फिरवून ओढायचा. अळी निघाली तर तिथेच काम संपलं, वर औषध लागत नाही. आकडा पोचत नसेल तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये भिजवून आत सरकवायचा आणि तोंड चिखलाने घट्ट लिंपायचं. वाफेने आतली अळी मरते. आठ-पंधरा दिवसांनी परत बघायचं, लिंपलेला चिखल फोडून ताजा भुसा आला असेल तर पुन्हा. सोललेल्या जखमेवर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे आणि मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही.

पेट्रोलचं काम करताना विडी-सिगरेट लांब ठेवा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. आणि एक कळकळीची विनंती. अजून लोक डायक्लोरव्हॉसची इंजेक्शनं द्या म्हणून सांगतात. त्यावर आपल्या देशात २०२० अखेरपासून बंदी आहे. घरातल्या कुठल्या कोपऱ्यात जुनी बाटली पडली असेल तर ती सोसायटीच्या आवारात मुळीच उघडू नका.

शशी_गोरेगाव

आमच्याकडे सागवानी पलंगाखाली रोज पिवळी पूड पडते. हाच का? की मुलीच्या खोलीतल्या खिडकीतून आत आला असेल?

पानझड (मुलुंड)

नाही शशीदादा, हा जिवंत किंवा नुकत्या मरत असलेल्या झाडात अंडी घालतो. पॉलिश केलेल्या वाळक्या लाकडात त्याचं काही होत नाही. पूड अगदी बारीक असेल आणि भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतील तर ते घुणाचे छोटे भुंगेरे.

पण याच कुळातला एक जण मात्र फर्निचरमध्ये होतो, स्ट्रोमॅशियम बार्बॅटम. तपकिरी, लहानसर. वाळक्या लाकडात खाण्यासारखं सत्त्व इतकं कमी असतं की त्याच्या अळीला वाढायला कित्येक वर्षं लागू शकतात. म्हणून जुन्या कपाटातून अचानक भुंगेरा बाहेर पडतो आणि घरातले चक्रावतात, कारण कपाट घेतलेलं असतं कधीच्या काळी. पूड आणि भोक दोन्हीचा फोटो टाका, भोकाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.

निवृत्त_मास्तर (चेंबूर)

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतो. त्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. समिती म्हणते हाच आंब्याचा किडा, खड्डा बंद करा. खतावर मी बरीच मेहनत घेतली आहे, कृपया मार्गदर्शन करावे.

पानझड (मुलुंड)

मास्तर, अळी जमिनीवर ठेवली की गोल वळून कुशीवर पडते का? पुढच्या बाजूला सहा पाय दिसतात का?

निवृत्त_मास्तर (चेंबूर)

होय. अर्धवर्तुळाकार होऊन पडते. पाय स्पष्ट दिसतात.

पानझड (मुलुंड)

मग समितीला निर्धास्तपणे सांगा, याचा आंब्याशी संबंध नाही. भिरूड सरळसोट असतो, त्याला पायच नसतात. बोगद्यात पाय करणार काय! अंगाच्या प्रत्येक वळीवर वर-खाली खरबरीत उंचवटे असतात, ते बोगद्याच्या भिंतींना टेकवत तो पुढे सरकतो. पुढचा भाग रुंद आणि चपटा, डोकं त्यात अर्धं रुतलेलं, बाहेर दिसतात ते काळे-तपकिरी टणक जबडे. आणि तो खतात कधीही मिळणार नाही, त्याला लाकूडच लागतं.

तुमच्या खड्ड्यातल्या अळ्या शेणकिड्यांच्या गोतावळ्यातल्या दिसतात. फक्त आवारात नारळ असतील तर एक काळजी घ्या. गेंडा भुंग्याची अळीही अशीच वळलेली असते, कुजलेल्या खतात वाढते आणि तिचा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो. तेव्हा खत वरखाली करताना मोठ्या अळ्या वेचून काढा. खड्डा बंद करायचं कारण नाही.

निवृत्त_मास्तर (चेंबूर)

नारळ आहेत चार. वेचून काढतो. आपले मनःपूर्वक आभार.

सोनचाफा (विलेपार्ले)

आमच्याकडे प्रश्न पुढच्या टप्प्यावर आहे. अंगणातल्या आंब्याला भोकं आहेत, एक मोठी फांदी वाळली. गेल्या मिटिंगमध्ये ठेकेदाराने सांगितलं, झाड आतून पूर्ण पोकळ, पावसात गाड्यांवर पडेल, दोन दिवसांत साफ करून देतो. खोड त्याने बघितलंसुद्धा नाही. सेक्रेटरी काका तयार झाले आहेत. झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेलं आहे. काय करू?

पानझड (मुलुंड)

सोनचाफा, पहिलं म्हणजे "दोन दिवसांत साफ" होऊच शकत नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. झाड खासगी आवारात असलं तरी तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नुसत्या फांद्या छाटायच्या असल्या तरी वॉर्डच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. हे काकांना शांतपणे, लेखी सांगा. पाहणीला पालिकेचा माणूस येतो, त्याला वाळलेली फांदी आणि भोकं दाखवा. धोकादायक फांदी त्याच्या सल्ल्याने निघू दे. ते व्हायलाच हवं, खाली माणसं वावरतात.

मग खोड बघा. एका बाजूची फांदी वाळणं आणि झाड मरणं यात फार अंतर आहे. बाकीच्या फांद्यांवर नवी तांबूस पालवी येते का? बुंध्यावर भुसा ताजा आहे का? सालीखालचं कडं अर्ध्याहून कमी पोखरलेलं असेल तर मोठा आंबा निभावून नेतो, मी असे सावरलेले आंबे पाहिले आहेत. लहान कलमाचं मात्र तसं नसतं, एक अळीही त्याला पुरते.

आणि बुंध्याभोवती काय आहे ते सांगा. पेव्हर ब्लॉक?

सोनचाफा (विलेपार्ले)

पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवले आहेत. दिवाळीच्या माळांसाठी खिळेही ठोकलेले आहेत, बरेच. पाइपचं काम झालं तेव्हा एका बाजूची मुळं तोडली होती.

पानझड (मुलुंड)

मला हेच वाटलं होतं. मादी अशक्त, जखमी झाड निवडते, आणि ते अशक्त आपण करतो. खिळ्याच्या भोवती साल मरते, भेग पडते, तिथे तिला आयती जागा मिळते. मुळं तोडली, वरून पाणी मुरायची सोय बंद केली, म्हणजे झाडाची चीक सोडून प्रतिकार करायची ताकदही गेली. निरोगी आंब्यात कोवळी अळी कित्येकदा चिकातच मरते. मला या भुंगेऱ्यापेक्षा त्या खिळ्यांचा राग येतो. बुंध्याभोवती चारी बाजूंनी निदान एक मीटरची माती मोकळी करून घ्या, खिळे काढा, जखमांना बोर्डो पेस्ट लावा, उन्हाळ्यात पाणी द्या.

कुणकेश्वर (भांडुप)

पानझड, इथे मात्र माझं तुमच्याशी थोडं जमत नाही. खिळे नकोतच. पण आमच्या बागेत खिळे नाहीत, ब्लॉक नाहीत, तरी भिरूड लागतो. जुन्या, उंच वाढलेल्या हापूसला जास्त. पावसात भुंगेरा दिसला की आम्ही मारतो, सरळ. एक मादी सोडली तर पुढच्या वर्षी किती कलमांना आकडा घालावा लागेल? ज्याचं वर्षाचं उत्पन्न झाडावर आहे त्याने वर्तमानपत्रावर घेऊन बाहेर सोडायचा, हे मला पटत नाही.

पानझड (मुलुंड)

बागेत तुम्ही मारता ते रास्त आहे, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. मी मुलुंड-बोरिवलीचं बोलते आहे, जिथे मागे राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे हाच भुंगेरा सावर, उंबर, फणस यांच्या मरायला टेकलेल्या खोडात होतो. त्याच्या अळीने लाकूड पोकळ केलं की बुरशी शिरते, खोड लवकर मातीला मिळतं. सोनपाठी सुतार खोडावर ठोकत फिरतो तो अशाच अळ्यांसाठी. भुंगेरा आपल्याच मुलखातला आहे, बाहेरून आलेला नाही. जिथे तो परका म्हणून पोचला, इस्राएलमध्ये, तिथे अंजिरांच्या बागांचं त्याने फार नुकसान केलं. इथे त्याला खाणारे आहेत. शहरात एखाद-दुसरा दिव्यावर आलेला मारून आंबा वाचत नाही, खोड बघून वाचतो.

कुणकेश्वर (भांडुप)

अंजिराचं माहीत नव्हतं. सुतार आमच्याकडेही येतो, पण तो पोचेपर्यंत कलम हातचं जातं. असो, खोड बघायला हवं यावर आपलं एकमत आहे.

क्लोरोफिल (बोरिवली)

साल वृक्षाच्या जंगलातलं उदाहरण इथे जोडतो. तिथला खोडकिडा याच कुळातला, हॉप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशात त्याचा मोठा उद्रेक झाला होता, लाखो साल वृक्षांना लागण झाली. तिथे वापरायची जुनी पद्धत म्हणजे सापळा-झाड: एक साल वृक्ष पाडायचा, ओंडके करून त्यांच्यावरची साल ठेचायची. ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे लांबून येतात आणि रस पिऊन सुस्त होतात, मग गावकरी ते वेचतात आणि वनखातं त्यांना मोबदला देतं.

ताई, आंब्यावर असं काही करता येईल का? म्हणजे छाटलेल्या फांद्यांचा सापळा?

पानझड (मुलुंड)

सालचा भुंगेरा रसाला भुलतो म्हणून तिथे जमतं, आंब्याच्या भुंगेऱ्यासाठी तशी वापरातली पद्धत नाही. पण तुझ्या प्रश्नातून एक कामाची गोष्ट निघते. छाटलेल्या जाड फांद्या आणि वाळलेलं खोड आवारात महिनोन्‌महिने पडू देऊ नका. आत अळी असेल तर ती त्या ओंडक्यातच वाढ पुरी करून पुढच्या पावसात बाहेर पडेल. चिरून, फोडून आत बघा आणि मगच पाठवा.

सोनचाफा (विलेपार्ले)

आज काकांशी बोलले, पालिकेचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. ब्लॉक काढायला मात्र पार्किंगवाले तयार नाहीत, एक गाडी कमी होते. पाहणीपर्यंत काय करू?

पानझड (मुलुंड)

ब्लॉकचा विषय पाहणीच्या वेळी त्या माणसासमोरच काढा, त्याने बोललेलं जास्त वजनदार ठरतं. तोवर बुंधा झाडून स्वच्छ करा, पडलेला सगळा भुसा उचला. वॉचमनला दाखवून ठेवा, कारण तो रोज तिथे असतो. नवा भुसा पडला की कोणत्या भोकाखाली पडला ते खडूने खुणवायचं. वाळलेल्या फांदीखाली तेवढे दिवस गाडी लावू देऊ नका. फोटो इथे टाका, एक पूर्ण खोडाचा, एक भुशाचा जवळून. कुणकेश्वर, शनिवार-रविवारी तुम्ही मुंबईत असाल तर आकडा घेऊन पार्ल्याला येता का? मीही येते.

कुणकेश्वर (भांडुप)

रविवारी सकाळी चालेल. आरा माझ्याकडे आहे. सोनचाफा, चिखलासाठी तांबडी माती तेवढी आणून ठेवा.